आवाज साठवण्याच्या दोन रीती : बोलीच्या अभ्यासकासाठी ध्वनिमुद्रणाची ओळख



मागील घटकात आपण बोलीचा नमुना कसा निवडावा, निवेदक कोणाला म्हणावे आणि त्याच्याशी संवाद कसा साधावा हे पाहिले. आता प्रश्न येतो तो त्या बोलण्याची नोंद करण्याचा. बोललेला शब्द उच्चारताक्षणी विरून जातो. आपण कितीही चपळाईने लिहून घेतले, तरी वहीत उतरतो तो आपल्या कानाने केलेला अर्थ, निवेदकाचा आवाज नव्हे. जॉर्ज ग्रिअर्सन यांच्या भारतीय भाषा सर्वेक्षणाचा मराठीविषयक सातवा खंड १९०५ साली प्रसिद्ध झाला. त्यात मराठीच्या बोलींचे नमुने छापलेले आहेत आणि ते आजही उपयोगी पडतात. परंतु ते बोलणारी माणसे कशी बोलत होती, शब्दाच्या शेवटी आवाज चढवत होती की उतरवत होती, हे त्या पानांतून कळत नाही. ही उणीव ग्रिअर्सन यांच्याही ध्यानात आली होती. म्हणूनच पुढे या सर्वेक्षणासाठी अनेक भारतीय भाषांच्या ग्रामोफोन तबकड्या तयार करण्यात आल्या.

आज तुमच्या खिशात मोबाइल आहे आणि मुद्रण करणे म्हणजे एक कळ दाबणे, इतकाच त्याचा अर्थ उरला आहे. नेमक्या याच कारणासाठी ती कळ दाबल्यावर आत काय घडते हे समजून घेणे आवश्यक आहे. ॲनालॉग आणि डिजिटल (मराठीत 'अंकीय' हा शब्द आता बराच रुळला आहे) या दोन रीतींची तुलना आपण पुण्याच्या मार्केट यार्डाच्या आधाराने करणार आहोत. माझ्या संशोधनाचे पहिले ध्वनिमुद्रण मी तेथे केले आणि माझी सर्वांत मोठी चूकही तेथेच झाली.

मार्केट यार्डच का?

गुलटेकडीच्या या बाजारात पहाटेपूर्वीच गाड्या लागतात. पुरंदर, जुन्नर, बारामती, सोलापूर अशा निरनिराळ्या भागांतून माल येतो आणि मालाबरोबर माणसे येतात. शेतकरी, आडते, तोलणार, हमाल, टेम्पोवाले आणि किरकोळ विक्रीसाठी माल घेणाऱ्या बाया-बापे एकाच गाळ्यासमोर आपापल्या मराठीत बोलत असतात. आडत, तोलाई, वाराई, बारदान, डाग, पट्टी, थप्पी हे शब्द कोशात सापडतील. पण ते कोणत्या सुरात आणि कोणत्या वेगाने उच्चारले जातात हे गाळ्यावरच ऐकावे लागते. बोलीच्या अभ्यासकाला याहून समृद्ध जागा शोधून सापडणार नाही. ध्वनिमुद्रणासाठी मात्र याहून प्रतिकूल जागाही सापडणार नाही.

जाता जाता एक नोंद करून ठेवते. धान्यबाजारात पूर्वी रुमालाखाली बोटे धरून भाव ठरवण्याची 'हत्ता' पद्धत होती. दोन माणसे एकमेकांचा हात धरून उभी राहत, तोंडाने हवापाण्याच्या गोष्टी बोलत आणि सौदा बोटांवर होई. या करपल्लवीपुढे कोणतेही ध्वनिमुद्रण हात टेकते.

फितीवरची नोंद

ध्वनी म्हणजे हवेच्या दाबात होणारे वेगवान चढउतार. मायक्रोफोनमधील पातळ पडदा या चढउतारांबरोबर थरथरतो आणि त्या थरथरीचे विजेच्या चढउतारांत रूपांतर होते. येथपर्यंत दोन्ही रीती सारख्याच आहेत. फरक पडतो तो यापुढे.

ॲनालॉग मुद्रणात विजेचा हा चढउतार जसाच्या तसा, अखंडपणे, दुसऱ्या एखाद्या पदार्थावर उमटवला जातो. ग्रामोफोनच्या तबकडीवर तो खाचेच्या वळणांच्या रूपाने उमटतो, तर टेपच्या फितीवर लोहाच्या ऑक्साइडच्या सूक्ष्म कणांच्या चुंबकनाच्या रूपाने. आवाज मोठा असेल तर चुंबकन अधिक, लहान असेल तर कमी. मूळ ध्वनीचे आणि नोंदीचे रूप सदृश असते, म्हणून हे नाव.

फिलिप्स कंपनीने १९६३ मध्ये आणलेली कॅसेट तुमच्यापैकी अनेकांनी हाताळली असेल. तिची फीत ३.८१ मिलिमीटर रुंद असते आणि सेकंदाला ४.७६ सेंटिमीटर या वेगाने सरकते. याचा अर्थ असा की 'प' किंवा 'क' उच्चारताना होणारा, सेकंदाचा सुमारे शंभरावा भाग टिकणारा स्फोट फितीच्या जेमतेम अर्धा मिलिमीटर लांबीत मावतो. फीत किंचित अडखळली, मोटर किंचित मंदावली, तर त्या अर्ध्या मिलिमीटरचे काय होत असेल याची कल्पना करा.

फितीचे दोष सर्वपरिचित आहेत. ऐकताना मागे सतत 'स्स्स' असा फुसफुसाट असतो. एका कॅसेटवरून दुसरी, दुसरीवरून तिसरी उतरवली की प्रत्येक पिढीत हा फुसफुसाट वाढतो आणि बारकावे पुसले जातात. दमट हवेत फितीवर बुरशी चढते. पण तिचा एक गुण कोणी सांगत नाही. कोणी अचानक ओरडले आणि आवाज फितीच्या क्षमतेपलीकडे गेला, तरी ती एकदम हार मानत नाही. लहरीची टोके हळूहळू गोलावतात, आवाज थोडा भरडा होतो, पण शब्द कळतो. शिवाय वीस-पंचवीस वर्षांनी फीत खराब झाली, तरी ती सहसा थोडी थोडी खराब होते.

अंकांतली नोंद

डिजिटल मुद्रण समजण्यासाठी भुसार बाजारात चला. पोत्यातला माल पाहण्यासाठी व्यापारी टोकदार पोकळ सळई पोत्यात खुपसतो आणि मूठभर धान्य बाहेर काढतो. हा नमुना. डिजिटल यंत्रही विजेच्या त्या अखंड चढउताराचे असेच नमुने घेते, पण अत्यंत वेगाने. कॉम्पॅक्ट डिस्कसाठी जे प्रमाण ठरले आणि आजही प्रचलित आहे, त्यात एका सेकंदाला ४४,१०० नमुने घेतले जातात. वर उल्लेखिलेल्या 'प'च्या स्फोटाच्या वाट्याला ४४१ नमुने येतात.

प्रत्येक नमुन्याची उंची मोजून तिला एक पूर्णांक देतात. येथे तराजूचे उदाहरण घेऊ. तुमच्याकडचे सर्वांत लहान वजन ५० ग्रॅमचे असेल, तर ३२० ग्रॅम माल तुम्ही ३०० किंवा ३५० असाच सांगू शकाल. वजने जितकी बारीक, तितकी चूक कमी. १६ बिटांच्या मुद्रणात अशा ६५,५३६ पायऱ्या उपलब्ध असतात, २४ बिटांच्या मुद्रणात एक कोटी सदुसष्ट लाखांहून अधिक. मोजमापातली उरलेली चूक अगदी हलक्या फुसफुसाटाच्या रूपाने शिल्लक राहते, पण १६ बिटांतही ती साध्या कॅसेटच्या फुसफुसाटापेक्षा पुष्कळ कमी असते.

येथे विद्यार्थ्यांच्या मनात एक शंका हमखास येते, आणि काही पुस्तकांतील पायऱ्या-पायऱ्यांच्या आकृत्यांनी ती पक्की होते. दोन नमुन्यांच्या मधला ध्वनी हरवला नाही का? पोत्याच्या उदाहरणात हरवतो. मूठभर ज्वारी चांगली निघाली म्हणून तळाशी किडके दाणे नसतील असे म्हणता येत नाही. ध्वनीची गोष्ट निराळी आहे, आणि उपमा येथे सोडून द्यावी लागते. गणिताने असे सिद्ध झाले आहे की ध्वनीतील सर्वांत उंच वारंवारतेच्या दुपटीहून अधिक वेगाने नमुने घेतले, तर त्या नमुन्यांमधून एकच एक लहर जाऊ शकते, आणि ती मूळचीच असते. मधली जागा अंदाजाने भरली जात नाही, ती निश्चित असते. माणसाचा कान सुमारे २०,००० हर्ट्झपर्यंतच ऐकू शकतो. त्याची दुप्पट ४०,००० आणि वर थोडी मोकळीक, असा ४४,१०० हा आकडा आहे. पुन्हा वाजवताना यंत्रातून बाहेर पडते ती पायऱ्यांची रेघ नसते. ती गुळगुळीत, अखंड लहरच असते. 'डिजिटल आवाज तुटक असतो' हे मत म्हणूनच ग्राह्य नाही. जुन्या तबकडीचा आवाज कोणाला अधिक ऊबदार वाटत असेल, तर ती आवडीची बाब आहे आणि तिच्याशी माझे भांडण नाही. पण ती ऊब बव्हंशी तबकडीने स्वतः घातलेली भर असते.

अंकांचा मोठा लाभ प्रतीत आहे. हजारावी प्रत पहिलीइतकीच शुद्ध असते, कारण उतरवायचे असतात ते आकडे. उणीव दुसरीकडे आहे. आवाज वरच्या मर्यादेपलीकडे गेला की त्यापुढे आकडाच नसतो. लहरीचा माथा सुरीने कापल्यासारखा सपाट होतो आणि जे कापले गेले ते परत आणता येत नाही. हमालाने पाठीवर ओझे घेऊन 'बाजूला व्हा' अशी आरोळी दिली, की मुद्रणाची पातळी आधीपासून खाली न ठेवणाऱ्या अभ्यासकाच्या हाती फक्त खरखर लागते. आणि साठवणीचे माध्यम बिघडले, तर थोडे थोडे बिघडत नाही. स्मृतिपत्रिका, म्हणजे मेमरी कार्ड, एका सकाळी वाचता येत नाही आणि सगळेच जाते.

एका कॅसेटची हकिकत

१९९६च्या डिसेंबरात, प्रबंधाच्या कामासाठी, मी भुसार बाजारातील एका ज्येष्ठ हमालांचे बोलणे सुमारे चाळीस मिनिटे मुद्रित केले. ते मराठवाड्यातले, १९७२च्या दुष्काळात गाव सोडून पुण्याला आलेले. शंभर किलोचे पोते पाठीवर घेताना पाय कसा रोवायचा, थप्पी कशी चढवायची, गावाकडे बायका खडी फोडायला कशा जात, हे सारे त्यांनी सांगितले. 'करायलो', 'जायलाव' अशी त्यांच्या भागातली क्रियारूपे पुण्यात चोवीस वर्षे काढूनही टिकून होती, आणि माझ्या दृष्टीने तेच त्या मुद्रणाचे मोल होते. कॅसेट रेकॉर्डर चार पेन्सिल सेलवर चालत होता. सेल नवे घालावेत हे माझ्या मनात आले होते. घातले नाहीत.

पुढे ती कॅसेट अनेक वर्षे कपाटात राहिली. २०१९ मध्ये त्यांच्या कन्या मला भेटायला आल्या. वडील जाऊन बराच काळ लोटला होता. घरात त्यांचे दोन फोटो होते, आवाज कोठेच नव्हता. मी कॅसेट लावली. त्या मिनिटभर ऐकत राहिल्या आणि म्हणाल्या, "मॅडम, हे आबा नव्हंत. आबांचा आवाज भारी होता." शब्द त्यांचे होते, गावाचे नाव त्यांचे होते, पण आवाज कोणा तरुण माणसाचा वाटत होता. खरे सांगायचे तर इतकी वर्षे मलाही तो तसाच वाटत आला होता, आणि मी तो तसाच गृहीत धरला होता.

काय घडले असावे ते पाहा. सेल उतरत चालले होते, म्हणून मुद्रणाच्या वेळी मोटर मंद फिरत होती. एका सेकंदाचे बोलणे ४.७६ सेंटिमीटरपेक्षा कमी फितीत दाटीवाटीने बसले. नंतर योग्य वेगाने चालणाऱ्या यंत्रावर ती फीत वाजवली, तेव्हा बोलणे घाईचे झाले आणि सूर चढला. मुद्रण मंद वेगाने आणि श्रवण योग्य वेगाने, तर आवाज उंच. हा क्रम नीट लक्षात ठेवा, परीक्षेत तो उलटा लिहिला जातो.

फीत संगणकावर उतरवली. ध्वनिसंग्रहालयांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने अशा कामासाठी सुचवलेले किमान प्रमाण सेकंदाला ४८,००० नमुने आणि २४ बिट असे आहे. आम्ही त्याच्या दुप्पट नमुने घेतले, कारण अशी फीत पुन्हा पुन्हा वाजवणे धोक्याचे असते. ध्वनीचा आलेख काढल्यावर बोलण्याच्या खाली एक बारीक, सलग रेघ दिसली. गाळ्यात ट्यूबलाइट होती आणि तिचा चोक घरघरत होता. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे चोकची घरघर दुप्पट, म्हणजे १०० हर्ट्झची असते. आलेखावर ही रेघ सुरुवातीला १०२च्या आसपास होती आणि चाळिसाव्या मिनिटाला १०९वर पोचली होती. माझ्या प्रश्नांनी आणि त्यांच्या उत्तरांनी भरलेल्या त्या फितीवर सेल उतरत गेल्याची नोंदही होऊन बसली होती, आणि ती मी मुद्दाम केलेली नव्हती.

मग प्रत्येक भागाचा वेग असा बदलत नेला की ती रेघ आडवी, १०० हर्ट्झवर स्थिर व्हावी. फीत जर फीतच राहिली असती, तर हे काम जवळजवळ अशक्य होते. आकड्यांत आल्यावर ते दोन दुपारींचे झाले. तरी एक अडचण उरलीच. त्या काळी विजेच्या जाळ्याची वारंवारता ५० वर नेमकी टिकत नसे, भार वाढला की ती ४९च्या खाली उतरे. त्या पहाटे ती किती होती हे ठाऊक नसल्याने आलेखावरून निश्चित आवाज मिळेना, आवाजाचा एक पट्टा मिळाला. आम्ही तीन प्रती तयार केल्या. त्या बाईंनी डोळे मिटून तिन्ही ऐकल्या आणि सर्वांत मंद प्रतीवर बोट ठेवले. ती ठेवून घेतली. इतर दोन मी जपून ठेवल्या आहेत, कारण त्यांचे कान आणि माझे गणित यांपैकी एकावर डोळे झाकून विसंबणे मला प्रशस्त वाटत नाही.

माझ्या प्रबंधात याच कॅसेटवरून मोजलेल्या स्वरांच्या लांबीचा एक तक्ता आहे. त्यातले आकडे सर्वत्र कमी आहेत, आणि शेवटच्या भागातले अधिक कमी. तो ग्रंथालयात पाहाल तर ही गोष्ट ध्यानात घेऊन पाहा.

मोबाइलविषयी सावधगिरी

वरील हकिकतीवरून डिजिटल रीत सर्वथा निर्धोक आहे असा समज होण्याची शक्यता आहे. तसे नाही. फीत निदान उघडपणे बिघडवते. मोबाइल सौजन्याने बिघडवतो. बरेच मोबाइल मुद्रण करताना पार्श्वभूमीचा गोंगाट दाबतात, हळू आवाज मोठा आणि मोठा आवाज हळू करतात. संभाषणासाठी ही सोय आहे, पण आघात आणि सुराचा अभ्यास करणाऱ्याला हे मारक आहे. गाळ्यावरील मुद्रणात आडत्या आणि दूर उभा असलेला शेतकरी एकाच पातळीवर बोलत आहेत असे वाटले, तर ते यंत्राचे काम समजा.

याशिवाय संकोचन. एमपी३सारख्या प्रकारांत कानाला सहसा जाणवणार नाहीत असे भाग गाळून फाइल लहान केली जाते. संदेशात पाठवलेला आवाजही असाच संकुचित असतो. गाणे ऐकण्यासाठी काही बिघडत नाही. मराठीच्या अभ्यासकाचे बिघडते, ते कसे हे एका प्रयोगाने पाहू.

*कृती :* 'चिंच, चिकू' आणि 'चवळी, चाकवत' हे शब्द मोठ्याने म्हणा. पहिल्या जोडीतला 'च' तालव्य आहे, दुसरीतला दंततालव्य. लिपीत भेद नाही, उच्चारात आहे. 'जग' हा शब्द घ्या: 'सारे जग' आणि 'तू सुखाने जग' यांत अर्थभेद केवळ या उच्चारावर उभा आहे. आता हेच शब्द दूरध्वनीवरून मित्राला सांगा, वाक्य न सांगता सुटे सुटे सांगा, आणि त्याला कोणते ऐकू आले ते लिहून घ्यायला लावा. दंततालव्य 'च'मधील घर्षणाचा जोर मुख्यतः ४,००० हर्ट्झच्या वर असतो, आणि जुन्या पद्धतीच्या दूरध्वनीत ३,४०० हर्ट्झच्या पुढचे काहीच जात नसे. नव्या जोडण्यांत स्थिती सुधारली आहे, तरी उत्तरे तपासून पाहण्याजोगी येतात.

म्हणून बोलीचे मुद्रण असंकुचित, म्हणजे 'वेव्ह' प्रकारात करावे. जागेची चिंता नको. ४४,१०० नमुने, प्रत्येकी दोन बाइट, एक मायक्रोफोन, असा हिशोब केला तर मिनिटाला सुमारे ५.३ मेगाबाइट आणि तासाला ३१८ मेगाबाइट होतात.

प्रकल्पासाठी

आपल्या प्रकल्पाआधी काही मोठे संग्रह ऐकावेत. गी पॉइतवाँ आणि हेमा राईरकर यांच्या पुढाकाराने जात्यावरच्या एक लाखाहून अधिक ओव्या संकलित झाल्या. त्यांतील सुमारे १२० तासांचे ध्वनिमुद्रण उपलब्ध आहे आणि 'परी' या संकेतस्थळावर त्यातला मोठा भाग अर्थासह ऐकता येतो. डेक्कन कॉलेज आणि राज्य मराठी विकास संस्था यांनी केलेल्या बोलींच्या सर्वेक्षणातील मुद्रणेही महाजालावर आहेत. डॉ. अ. मा. घाटगे यांनी १९६०च्या दशकात केलेली बोलींची वर्णने ग्रंथरूपात वाचा आणि मग ही मुद्रणे ऐका, म्हणजे लेखन आणि आवाज यांतले अंतर ध्यानात येईल.

निवेदकाची संमती आधी घ्यावी आणि तीही मुद्रितच करावी. गाळ्याच्या तोंडाशी बसू नये, आतल्या बाजूला, थप्पीच्या आडोशाला बसावे. धान्याची पोती आवाज चांगला शोषतात. मायक्रोफोन तोंडापासून वीतभर अंतरावर, किंचित बाजूला असावा. मोबाइलमध्ये गोंगाट दाबण्याची सोय बंद करता येत असेल तर ती करावी, आणि पातळी इतकी ठेवावी की आरोळीलाही सूचक लाल होणार नाही. घरी पोचल्यावर, जेवणाच्याही आधी, फाइलच्या दोन प्रती दोन वेगळ्या ठिकाणी उतरवाव्यात. माझ्या एका विद्यार्थिनीने हे दुसऱ्या दिवसावर टाकले आणि फळबाजारातली एक अख्खी पहाट गमावली.

मुद्रणाच्या आरंभी दिनांक, वेळ, ठिकाण आणि यंत्राचे नाव स्वतःच्या आवाजात सांगा. शेवटी निवेदकाचे आभार मानून झाल्यावर यंत्र लगेच बंद करू नका. आणखी दहा सेकंद, कोणी काही बोलत नसताना, त्या जागेचा आवाज तसाच मुद्रित होऊ द्या.